न्यूट्रॉनच्या गप्पा आणि जालन्याचे तेहतीस दिवस

कॅन्सरवर आता न्यूट्रॉन किरणांनी उपचार होतात, जपानने ते करून दाखवलं, लवकरच आपल्याकडेही येणार, अशा मजकुराचे व्हिडिओ सध्या जालना जिल्ह्यातल्या आमच्या गटांवर फिरत आहेत. खाली प्रतिक्रियांमध्ये लोक विचारतात, कुठे मिळेल, किती खर्च येईल. त्यातला एखादा शेत विकायच्या तयारीत असतो. विज्ञानाला आमचा विरोध असण्याचं कारणच नाही. पण विज्ञानाच्या नावाने आशा विकली जाते आणि त्या गडबडीत सत्तेला विचारायचा साधा प्रश्न मागे पडतो, तेव्हा बोलणं भाग आहे.

आधी न्यूट्रॉनचं खरं काय ते पाहू. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बर्कले इथे डॉ. रॉबर्ट स्टोन यांनी १९३८ मध्येच सायक्लोट्रॉनमधून निघणाऱ्या न्यूट्रॉनने कॅन्सरचे रुग्ण तपासून उपचार सुरू केले होते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. तो थेट अणुकेंद्रावर आदळतो आणि पेशीत एवढी दाट मोडतोड करतो की साध्या किरणांना दाद न देणाऱ्या, प्राणवायू कमी असलेल्या गाठीही मरतात. अडचण ही की तो चांगल्या पेशींनाही सोडत नाही. स्टोन यांचे जे रुग्ण वाचले, त्यांच्यात पुढे इतके गंभीर दुष्परिणाम दिसले की ही पद्धत पुढे चालवू नये, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. १९७० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. मेरी कॅटरॉल यांनी ती पुन्हा हाती घेतली. अमेरिकेत सिएटलला लाळग्रंथींच्या काही गाठींवर तिचा उपयोग दिसला. बाकी जगभरातली बहुतेक न्यूट्रॉन केंद्रं एकेक करून बंद पडली.

जपानचं प्रकरण याहून वेगळं आहे. तिथे रुग्णाला बोरॉन असलेलं औषध देतात, ते गाठीच्या पेशींत जास्त साठतं आणि मग मंद न्यूट्रॉन सोडले की साधारण पेशीएवढ्या अंतरातच स्फोट होतो. २०२० मध्ये जपानने याला मान्यता दिली, तीही डोकं आणि मानेच्या अशा कॅन्सरला जो शस्त्रक्रियेने काढता येत नाही किंवा उलटला आहे. तोंडाचा कॅन्सर याच गटात मोडतो. म्हणून व्हिडिओ पाहून आमच्या गुटखा खाल्लेल्या पोरांच्या घरात आशा पालवते.

पण साधी रेडिओथेरपी तरी आमच्या माणसाची पूर्ण होते का?

न्यूट्रॉन जालन्याच्या रुग्णापर्यंत एका वेगळ्या रूपात आधीच पोचला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा केला की कोबाल्ट-६० तयार होतो. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या भट्ट्यांमध्ये तो बनतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या भाभाट्रॉन यंत्रात हाच कोबाल्ट बसवतात आणि त्याच्या गॅमा किरणांनी गाठ जाळतात. यंत्र देशी आहे, परदेशी यंत्रांपेक्षा स्वस्त आहे. भारताने ते व्हिएतनाम आणि मंगोलियाला भेट दिलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. मग जालन्याच्या सरकारी रुग्णालयात रेडिओथेरपीचं एकही यंत्र का नाही? मंगोलिया जवळ आणि जालना लांब, हा कोणता भूगोल?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. दहा लाखांमागे किमान एक यंत्र हवं, हा सर्वसाधारण निकष. म्हणजे आमचा हक्क दोन यंत्रांचा आणि हातात शून्य. उत्तर ठरलेलं असतं: औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे ना! (कागदावर आता छत्रपती संभाजीनगर, एसटीत म्हातारी माणसं अजून औरंगाबादचंच तिकीट मागतात.) आहे, २०१२ पासून आहे, आणि मराठवाड्याच्या गरिबांना त्याचा मोठा आधार आहे हे आम्ही नाकारत नाही. पण तिथे एकट्या जालन्याचे रुग्ण येत नाहीत. संपूर्ण मराठवाडा येतो, शेजारचे जिल्हेही येतात.

आता हिशेब मांडू. तोंडाच्या कॅन्सरला साधारण तीस ते तेहतीस वेळा किरण द्यावे लागतात. आठवड्यात पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. यंत्राखाली रुग्ण असतो काही मिनिटं. मंठ्याहून जालना साधारण साठ किलोमीटर, जालन्याहून औरंगाबाद पुन्हा साठ. घसा सोललेला, गिळता येत नाही, नाकात नळी, आणि सोबत एक माणूस. रोज ये-जा अशक्य, म्हणजे तिथेच राहायचं. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. दोन माणसांचे तेहतीस दिवस बुडाले की १९,६०२ रुपये गेले. जेवण, खोली, घरी शेजारणीच्या भरवशावर ठेवलेली लेकरं यात धरलेली नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत होतात हे खरं. मजुरी कोणती योजना भरून देते?

म्हणून लोक मध्येच सोडून येतात. आम्ही वस्त्यांवर फिरतो तेव्हा हे दिसतं. कोणी बारा दिवसांनी परत आलेला, कोणी वीस. तोंडावर काळपट चट्टे आणि फाईल पत्र्याच्या पेटीत. या आजारात किरणांमध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी जोमाने वाढतात; डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने किंवा जास्तच घटते. वैद्यकीय कागदावर मात्र लिहिलं जातं, 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडले'. समाजशास्त्रात याला दोष पीडितावर ढकलणं म्हणतात. अर्धवट सोडणारे कोण आहेत ते पाहा: भूमिहीन, ऊसतोड करणारे, वीटभट्टीवरचे. बौद्ध, मातंग, भटके, पारधी वस्त्यांतले. बागायतदाराकडे औरंगाबादेत नातेवाईकाचा फ्लॅट असतो. आजार जात पाहत नाही म्हणतात, उपचार मात्र सातबारा पाहतात.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू शेजारच्या बीडमध्ये दिसली. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. 'नाही काढली तर कॅन्सर होईल', ही भीती अनेकींना घातली गेली होती. कॅन्सर नसताना कॅन्सरच्या नावाने पैसे काढणारे गावाजवळ भेटतात, आणि खरा कॅन्सर झाला की यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात!

तज्ज्ञ म्हणतील, यंत्र आणून चालत नाही; जाड काँक्रीटच्या भिंतींचा बंकर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, कॅन्सरतज्ज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतात. बरोबर आहे. माणसांविना धूळ खात पडलेलं यंत्र आम्हालाही नको. पण २०२४ मध्ये जालन्याला शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बंकर मागाहून जोडायला अवघड, आराखड्यातच धरला तर सोपा. सळई काय, जालन्यातच बनते. हा निर्णय आत्ता झाला नाही तर पुढची वीस वर्षं होणार नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा अंतर्विरोध फार काळ चालवता येणार नाही. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. हे कलम न्यायालयात बजावून घेता येत नाही, म्हणून ते रस्त्यावर बजावावं लागतं. आणि इथे आमच्याच लोकांना एक कटू गोष्ट सांगायची आहे. पुतळ्याच्या विटंबनेवर आम्ही तासाभरात जमतो, जमायलाच हवं. जयंतीच्या डीजेला लाखाची वर्गणी होते. पण रुग्णालयाच्या आराखड्यात काय आहे हे माहिती अधिकारात विचारणारा अर्ज लिहायला तालुक्यात दोन माणसं मिळत नाहीत.

मागण्या तीन आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आराखड्यात रेडिओथेरपी विभाग आणि बंकर, पदांच्या मंजुरीसह. तो होईपर्यंत औरंगाबादेत किरण घेणारा रुग्ण आणि सोबतच्या माणसाला उपचाराच्या प्रत्येक दिवसाची रोहयो दराने मजुरी. आणि दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची सोय होते, तशी राहण्या-जेवणाची सोय औरंगाबादच्या रुग्णालयाजवळ, शासनाच्या खर्चाने. पुढच्या ग्रामसभांत हे ठराव मांडायचे आहेत. मसुदा आम्ही तयार करतो आहोत. सुरुवात मंठा आणि घनसावंगीपासून, कारण दिवाळीनंतर तिथली निम्मी वस्ती उसाच्या फडावर गेलेली असेल.