शेरा मारणाऱ्याचीही तपासणी हवी

कारकुनी करणाऱ्या आम्हांला ‘अर्ज नामंजूर’ या शेऱ्याचे वजन ठाऊक आहे. हाँगकाँगमध्ये आश्रय मागणाऱ्यांचा तर जीवच त्यावर टांगलेला असतो. तेथे १९५१ चा निर्वासित करार लागू नाही. तरीही जेथे छळ होईल तेथे कोणाला परत पाठवू नये, हे तत्त्व पाळावे लागते. श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या खटल्यात २००४ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने बजावले, की संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने नकार दिला म्हणून भागणार नाही. सरकारने स्वतः तपासावे.

वाचकहो, आज खात्याने आणि अपील मंडळाने नकार दिला, की उच्च न्यायालयाचे दार उरते. धोका खरा की खोटा, हे न्यायालय नव्याने ठरवीत नाही. म्हणणे नीट ऐकले का, कायदा बरोबर लावला का, एवढेच पाहते. चूक आढळली तर निर्णय रद्द होऊन अर्ज पुन्हा तपासला जातो.

पण डिसेंबर २०२२ पासून तेथे याचिका एकदा फेटाळली, की वरचे अपील बाकी असतानाही माणसाला परत पाठवता येते. हे आम्हांला पटत नाही. चुकीचा शेरा खोडता येतो. पण छळाच्या हाती दिलेला माणूस परत कसा आणणार?