एसीला तारे, इमारतीला माफी



उन्हाळा तोंडावर आला की आपल्यापैकी अनेकजण एसी घ्यायला दुकानात जातात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती स्टारचा?" २०१० साली खोलीच्या एसीवर तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले आणि आपले गिऱ्हाईक शहाणे झाले. दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण लाइट बिल कमी आले पाहिजे, हा हिशोब आता आपल्या आयाबहिणींनाही तोंडपाठ आहे.

परंतु तो एसी ज्या गाळ्यात बसवायचा त्या इमारतीला किती तारे, हे कोणी विचारत नाही. विचारून उपयोगही नाही, कारण उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नाही.

माझ्या भाच्याने कतारगामातील एका शॉपिंग सेंटरमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर गाळा भाड्याने घेऊन शिकवणीचा क्लास सुरू केला. दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत काच, तोंड पश्चिमेला आणि डोक्यावर तापणारा स्लॅब. दुपारी तीननंतर तिथे मुले बसवणे कठीण. दीड टनाचे दोन एसी लावले, दोन्ही पाच स्टारचे. तरीही मे महिन्याचे बिल भाड्याच्या पुढे गेले. मालकाला सांगितले तर उत्तर मिळाले, "बिल तुमचे, इमारत माझी."

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे. काच लावायची की भिंत, छताला उष्णतारोधक थर द्यायचा की नाही, हे बांधणारा एकदाच ठरवतो आणि पैसे वाचवतो. त्याची किंमत भाडेकरू पुढची तीस वर्षे दर महिन्याला भरतो. आपल्या समाजातील किती कुटुंबे आज गाळ्यांवर पोट भरतात ते आठवा. शिवणकाम, झेरॉक्स, दवाखाना, लॅबोरेटरी, क्लास. यातले बहुतेक भाडेकरू आहेत.

कायदा नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. त्याखाली व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. भिंत, छत, काच, दिवे, वातानुकूलन कसे असावे, हे तिच्यात आहे. परंतु ही संहिता लागू होते ती १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारभार असलेल्या इमारतींना. मूळ कायद्यात ही मर्यादा ५०० किलोवॅट होती, २०१० च्या दुरुस्तीने ती खाली आली. शिवाय राज्याने अधिसूचना काढून स्थानिक बांधकाम नियमांत घातल्याशिवाय संहितेला हातपाय फुटत नाहीत. तयार इमारतींना तारे देण्याची केंद्राची योजनाही २००९ पासून आहे, पण ती ऐच्छिक. ज्याची इमारत चांगली तोच अर्ज करणार, हे उघड आहे.

आता कतारगामचा हिशोब मांडू. एका शॉपिंग सेंटरमध्ये ४० गाळे धरा आणि प्रत्येकाचा जोडभार ४ किलोवॅट धरा. बेरीज १६० किलोवॅट. म्हणजे इमारत मर्यादेच्या वर गेली. परंतु मीटर चाळीस, नावे चाळीस, बिले चाळीस. ही बेरीज करणार कोण? कायद्यातला शब्द 'इमारत' आहे, 'मीटर' नव्हे. पण बेरीज झालीच नाही तर चाळीस लहान ग्राहक दिसतात आणि मोठी इमारत दिसतच नाही. ही माफी कोणी दिलेली नाही, कोणी मागितलेली नाही, तिची कुठे नोंदही नाही. ती आपोआप मिळते.

खजोदला २०२३ च्या डिसेंबरात डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. हरित इमारत म्हणून तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. पण हिऱ्याचे बरेचसे काम आजही कतारगाम आणि वराछाच्या गल्ल्यांमध्ये चालते. ज्या जमिनीवर कतारगामची पापडी पिकत होती, तिथे आता इमारतीला इमारत खेटून उभी आहे. सुरतेची उष्णता केवळ खजोदला मोजून कमी होणार नाही.

सवलत असूच नये, असे माझे म्हणणे नाही. हिऱ्याची घंटी किंवा लूम चालवायला लागणारी वीज ही उत्पादनाची वीज आहे, संहितेने तिला वगळले ते बरोबरच केले. एकट्या टपरीला वा देवळाला प्रमाणपत्र मागणे हास्यास्पद ठरेल. प्रश्न आहे सवलत कशी द्यावी याचा.

इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सुरतेच्या कितीतरी कुटुंबांचे नातलग लेस्टरला दुकाने चालवतात, त्यांना विचारा. तिथे व्यापारी जागा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र दाखवावे लागते. प्रार्थनास्थळे आणि ५० चौरस मीटरपेक्षा लहान स्वतंत्र इमारती यांना माफी आहे. एप्रिल २०१८ पासून 'ई'पेक्षा खालच्या दर्जाची जागा नव्या भाडेकराराने देता येत नाही, आणि एप्रिल २०२३ पासून तोच नियम चालू करारांनाही लागू झाला. ज्या मालकाला सुधारणा परवडत नाही किंवा शक्य नाही, त्याला सूट मिळते. पण ती त्याला सरकारी नोंदवहीत कारणासह लिहावी लागते. ही नोंदवही कोणीही पाहू शकतो आणि सूट साधारणपणे पाच वर्षांनी संपते. तिथे माफी मागावी लागते, इथे ती जन्मतःच मिळते. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

काहीजण म्हणतील, आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक साहेब आणि आणखी एक पाकीट. ही भीती खोटी नाही, आपण सर्वांनी ते भोगले आहे. म्हणूनच गाळेधारकावर कोणताही कागद लादू नये. जबाबदारी बांधणाऱ्याची आणि मालकाची असावी.

आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, वापर परवानगी देताना सर्व मीटरांच्या जोडभाराची बेरीज करून ती परवानगीवरच लिहावी. दुसरी, ज्या इमारतीला संहितेतून सूट मिळेल तिचे नाव, कारण आणि मुदत महापालिकेने जाहीर करावी. तिसरी, २०२२ च्या दुरुस्तीने राज्याला ही मर्यादा १०० किलोवॅटच्या खाली आणण्याचा अधिकार दिला आहे, तो गुजरातने सुरतसारख्या दाट शहरांसाठी वापरावा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. लाइट बिलाला पक्ष नसतो.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. गाळा घेण्यापूर्वी आधीच्या भाडेकरूची बारा महिन्यांची बिले मागा. मालक देत नसेल, तर काय समजायचे ते समजा.

आणि सुरुवात घरापासून करू. आपल्या मंडळाच्या सभागृहाचे वर्षभराचे युनिट आणि क्षेत्रफळ दाराजवळच्या फलकावर लिहावे, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. आकडा लाजिरवाणा निघाला तरी चालेल. वरचा पत्रा मे महिन्यात कसा तापतो हे लग्नाला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेच, आता ते लिहिलेलेही राहील.