पिवळा कॉसमॉस कुंपणाच्या आतच

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वेताळ टेकडीवरून उतरलो आणि ओट्यावर बसून पायमोज्यांतली कुसळे उपटू लागलो. कुसळी गवताची तर होतीच, पण त्यांच्यात दुसरे एक बी अडकले होते: बारीक, काळपट, लांब चोचीचे, टोकाला उलट्या दातांचे काटे. ओळखायला वेळ लागला नाही. तेच बी माझ्या कपाटातल्या पाकिटातही होते. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे, कॉसमॉस सल्फ्युरियसचे.

पेरणीचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून जे निःशंकपणे लावावे त्याबद्दल आधी. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा कॉसमॉस बायपिनॅटस पुण्याच्या हिवाळ्याला छान मानवतो. दिवस लहान झाले की तो कळ्या धरतो. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात कुंडी मांडायची असेल तर ऑक्टोबर सरता सरता बी टोका. फुलावर यायला आठ ते दहा आठवडे लागतात. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल नको. आठवडा-दहा दिवसांत उगवते. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या सुटतात. कुंडीसाठी ‘सोनाटा’सारखा बुटका वाण घ्या, ‘सेन्सेशन’ उंच जातो, त्याला वाफाच हवा आणि आधाराची काठीही.

आणि खताचा हात आखडा. एका सोसायटीच्या बागेत मी छातीला लागणारी हिरवीगार झुडपे पाहिली. अख्ख्या वाफ्यात फुले मोजून चार. माळीदादा दर पंधरवड्याला शेणखत घालत होते. त्यांची माया खरी, पण या मेक्सिकन झाडाला हलकी, निचऱ्याची, थोडी उपाशी माती आवडते.

आता पिवळ्याकडे. तो काटक आहे, ऊन सोसतो, पाणी कमी मागतो, पावसाळ्यातही फुलतो. ज्या गुणांसाठी आपण रोपवाटिकेत त्याची शिफारस करतो, त्याच गुणांवर तो टेकड्या आणि रस्त्यांच्या कडा व्यापतो आहे. लोक त्याला सोनकी समजून फोटो काढतात. जिथे तो दाट माजतो तिथे तेरडा, कुर्डू आणि मूळच्या गवतांना जागा उरत नाही. याच कुळातल्या गाजरगवताची पुण्यात 1955 साली नोंद झाली, आणि पुढे देशभर काय झाले ते शेतकऱ्यांना विचारा. कॉसमॉसही तेवढाच उपद्रवी ठरेल असे मी म्हणत नाही. पण ‘फूल सुंदर आहे, मग बिघडले कुठे?’ हा प्रश्न बागेच्या कुंपणापर्यंतच ठीक आहे.

सर्वांत जास्त खटकते ते पावसाळी सहलींत टेकडीवर उधळले जाणारे ‘रानफुलांच्या बियांचे’ मिश्रण. त्यात हा कॉसमॉस असतो आणि तो आपल्यापैकीच कुणीतरी भरून दिलेला असतो. मिश्रण विकणाऱ्यांनी पाकिटावर प्रत्येक जातीचे नाव छापावे. बागेत पिवळा लावलाच असेल तर पाकळ्या गळताच बोंडे खुडा; ती वाळून ताऱ्यासारखी उघडेपर्यंत थांबू नका. खुडलेली बोंडे कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, तिथून बी खतासोबत पुन्हा वाफ्यात येते.

आमच्या बीज-देवाणघेवाण सदरात या अंकापासून पिवळ्या कॉसमॉसचे बी स्वीकारले जाणार नाही. गुलाबीचे जरूर पाठवा. माझ्या कपाटातले पाकीट मी जाळून टाकले आहे.