सम्पमधली रिकामी जागा

फिशटँक घेणारा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरचा?" दुसरा विचारतो, "पंप किती पॉवरचा?" खाली सम्प असेल तर तो किती रिकामा ठेवायचा, हे विचारणारा मला अजून भेटायचाय. आणि माझं (जरा हट्टी) मत असं आहे की ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत टँक ठेवणाऱ्याने आधी हेच विचारावं.

सम्प म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोसायटीत खाली एक टाकी असते, गच्चीवर एक, मधे मोटर. हा प्रकार तसाच, फक्त इथे मोटर चोवीस तास चालू. वरच्या टँकमधलं पाणी काठाजवळच्या कंगव्यातून ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पडतं, पाइपने खाली कपाटातल्या टाकीत येतं, एकेका कप्प्यातून गाळून पुढे सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. त्या खालच्या टाकीला सम्प म्हणायचं.

यातली गंमत म्हणजे वरची पातळी जवळजवळ हलतच नाही. कंगव्याची उंची ती ठरवते. बाष्पीभवन होऊन पाणी कमी झालं की ते फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं. वर सगळं आलबेल. त्यामुळे लोक वर बघून निर्धास्त राहतात. हिशोब सगळा खाली असतो.

आता लाइट जाते.

आपल्याकडे ही कल्पनेतली गोष्ट नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत डोंबिवलीकरांनी भारनियमनाच्या वेळापत्रकावर संसार केलाय. मुंबईत लाइट आणि आपल्याकडे मेणबत्ती, असा तो काळ. नंतर परिस्थिती सुधारली, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबई-ठाण्याची वीज एकदम गेली, तेव्हा वर्क फ्रॉम होमवाल्या आम्हा सगळ्यांना जुनी ओळख पटली. :) त्यामुळे 'कधीतरी' जाते म्हणून सोडून देऊ नका, जाणारच असं धरून चाला.

पंप थांबल्यावर काय होतं ते आकड्यांत बघू. वरचा टँक १२० बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे पातळीचा प्रत्येक सेंटीमीटर ५.४ लिटरचा. चालू असताना पाणी कंगव्याच्या साधारण २ सेंटीमीटर वर असतं. ते खाली येणार: जवळपास ११ लिटर. रिटर्न पाइपचं तोंड कंगव्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली बुडलेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढतो: आणखी २७ लिटर. पाइपांत उरलेलं एक-दोन लिटर धरा. झाले ४० लिटर. सम्प ९० बाय ३५ चा असेल तर त्यातली पातळी पावणेतेरा सेंटीमीटरने चढणार. तेवढी जागा असेल तर काही होत नाही. नसेल तर पाणी लाकडी कपाटातून हॉलमध्ये, आणि हॉलमधून खालच्या मजल्यावरच्यांच्या नव्या पीओपीमध्ये.

यावर दुकानातलं ठरलेलं उत्तर म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. लावा, माझी ना नाही. पण त्याच्या भरवशावर सम्प काठोकाठ भरू नका. त्याच्या पडद्यात शेवाळ, क्षार, एखादी गोगलगाय, काहीही अडकतं आणि तो नीट मिटत नाही. तो मिटत नाहीये हे कळतं कधी? लाइट गेल्यावरच. ज्या यंत्राचा बिघाड फक्त गरजेच्या क्षणी दिसतो, त्याला मी तरी प्रॉडक्शनमध्ये एकटं सोडणार नाही. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पृष्ठभागाजवळ आणा, किंवा पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. वरच्या हिशोबातले २७ लिटर जवळजवळ गायब होतात. भोकही बुजतं, म्हणून दर आठवड्याला ते साफ करायचं. आणि हे सगळं करूनही सम्पमध्ये जागा सोडायची ती पूर्ण ४० लिटरची.

उलटा प्रसंगही आहे. वरून येणारा पाइप तुंबला तर पंप पाणी वर ढकलतच राहतो. अशा वेळी पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी असेल तेवढंच वर जाऊ शकतं. ते १३ लिटर असेल आणि वर काठापर्यंत ३ सेंटीमीटर म्हणजे १६ लिटरची जागा असेल, तर पंप कोरडा पडेल पण फरशी कोरडी राहील. म्हणजे खालचा टँक मोठा हवा, पण त्यातला शेवटचा कप्पा मुद्दाम लहान हवा. हे पटवून देताना माझा घसा बसतो.

घटलेलं पाणी आपोआप भरायला लोक बॉलकॉक लावतात. कल्पना चांगली, पण तो थेट नळाला जोडतात तिथे मी हात जोडतो. क्लोरीनचा प्रश्न वेगळाच, पण बॉलकॉक अडकला तर आत किती पाणी येईल याला मर्यादाच नाही. तोच १० लिटरच्या डब्याला जोडला की वाईटात वाईट १० लिटर येणार. अर्थात त्या १० लिटरची जागाही धरायची. बॉलकॉक नाहीच, अशा घरात धोका आणखी साधा असतो. आपण ऑफिसात, आई बघते की खालचं पाणी कमी दिसतंय, आणि प्रेमाने बादलीभर ओतते. म्हणून सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारून शेजारी मराठीत लिहावं: याच्या वर भरू नये.

खरी अडचण माहितीची नाहीच. आपल्याला रिकामी जागा बघवत नाही. तीन जणांच्या सीटवर चौथी सीट शोधणारी माणसं आपण, कपाटात अर्धी रिकामी टाकी बघून आपला जीव तुटतो. "एवढी जागा फुकट घालवली?" फुकट नाही हो, ती लाइट जाण्याची जागा आहे.

आता थोडं विषयांतर. आपल्याला पाणी देणाऱ्या बारवी धरणालाही एक कंगवा आहे. ७२.६० मीटरची पातळी गाठली की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि जास्तीचं पाणी उल्हास नदीकडे जातं. धरण आपली पातळी राखतं. पण खालच्या सम्पचं काय? नदीकाठची सखल जमीन ही पुराची रिकामी जागा, आणि आपण तिच्याकडे प्लॉट म्हणून बघतो. २६ जुलै २००५ ला कल्याण परिसरात उल्हासचं पाणी घरांत शिरलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. पाऊस प्रचंड होता, मान्य. तरी पूररेषेच्या आत मजले चढवताना ४० लिटरचा हिशोब कुणी मांडला होता का, हे विचारायला काय हरकत आहे?

असो. टँक असेल तर या शनिवारी रिटर्न पंपाचा प्लग काढून बघा. सकाळी काढा, रात्री झोपताना नको, आणि हाताशी दोन बादल्या ठेवा. पाणी चढून थांबलं की तिथे टेपने खूण करा, काठापर्यंत किती उरलं ते मोजा. मग प्लग लावून वरचा टँक काठाला येतो का ते पाच मिनिटं उभं राहून बघा. मासे तोवर तुमच्याकडे खायला मागत बसतील, त्यांना काही कळत नाही.