संकेतस्थळाची झाडलोट कोण करणार?

इंटरनेटवर ‘औंध’ असं शोधून पाहा. आधी दिसेल पुण्यातलं औंध, तिथले फ्लॅट आणि त्यांचे भाव. आमचं सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध त्या गर्दीत मागे पडतं. म्हणूनच गावाबाहेर गेलेल्या मंडळींना, यमाई कुलदैवत असलेल्या घरांना छोट्या मंडळांची जुनी संकेतस्थळं मोलाची वाटतात. पौषातल्या यात्रेची माहिती, वंशावळी, जुने फोटो... दुसरीकडे कुठे मिळणार हे सगळं?

पण या संकेतस्थळांचं आज काय झालंय? वीसेक वर्षांपूर्वी मंडळामंडळांत ती हौसेने निघाली. कुणाचा तरी संगणक शिकलेला भाचा पुढे आला, उद्घाटन झालं, नारळ फुटला. पुढे भाचा नोकरीसाठी परदेशी गेला. पासवर्ड कुणाकडे, असं मी ओळखीच्या दोन-तीन मंडळांत विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले! युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पानं तर आता वाचताही येत नाहीत, नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

‘आमचं एवढंसं संकेतस्थळ, त्यावर कोण डोळा ठेवणार?’ हे उत्तर हमखास मिळतं. खरी मेख इथेच आहे. चोर नाव बघून येत नाही. आपोआप चालणारे प्रोग्रॅम दिवसरात्र हजारो संकेतस्थळांच्या कड्या हलवून बघतात आणि जी सैल असेल तिथून आत शिरतात. मग तुमच्या मंडळाच्या नावाआडून जुगाराच्या जाहिराती किंवा बँकेची खोटी पानं चालवली जातात. सॉफ्टवेअर जुनं झालं की कडी सैल होतेच. पुष्कळ संस्थांनी वापरलेल्या ‘द्रुपल ७’ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. आता त्यात नवं भोक सापडलं, तर ते बुजवायला मूळ कर्ते येणार नाहीत. आणि डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं भाडं भरायचं राहून गेलं, तर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

यात आपल्या, बायकांच्या काळजीची गोष्ट आहे ती वधू-वर सूचीची. मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, फोटो! लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली, तरी आईचा ‘बायोडाटा’ तिथे लटकलेला. फसवे फोन करणाऱ्याला आणखी काय हवं? आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक बंधनं लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत दिली आहे. पण लेकीबाळींची माहिती झाकायला कायद्याची वाट कशाला बघायची?

‘त्यापेक्षा व्हॉट्सअॅपचा ग्रुप बरा,’ असं कुणी म्हणेल. निरोपानिरोपीला बरा आहेच. पण ती दुसऱ्याची जागा. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. मालकाने दुकान आवरलं की भाडेकरूने पसारा कुठे न्यायचा?

भवानराव पंतप्रतिनिधींनी चित्रं-शिल्पं नुसती जमवली नाहीत. ती नीट राहावीत, लोकांना बघता यावीत म्हणून १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालयाची इमारत उभी केली. म्हणून राजा रविवर्म्याची चित्रं औंधात आजही बघायला मिळतात. जमवण्याइतकंच सांभाळणंही महत्त्वाचं, हे आमच्या गावाला नवं नाही.

मला तरी उपाय फार अवघड वाटत नाहीत. डोमेन व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर हवं. पासवर्ड निदान दोन जबाबदार माणसांकडे असावेत, आणि लॉगिन करताना मोबाइलवरच्या कोडची जोड हवी. सगळ्या मजकुराची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती उघडते ना, हे अधूनमधून बघावं. जिथे नवं काही लिहिलंच जात नाही, तिथे गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर काढून साधी स्थिर पानं ठेवावीत. मग मोडायला आणि फोडायला फारसं काही उरत नाही. जुने बायोडाटा मात्र आधी काढायचे, बाकीचं नंतर.

मंडळाच्या वार्षिक सभेत मांडवाचा, जेवणाचा, हारतुऱ्यांचा खर्च वाचून दाखवतात. त्यात संकेतस्थळाच्या देखभालीची एक ओळ असते का? नसेल तर मैत्रिणींनो, या वेळी हात वर करून तुम्हीच विचारा. आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.