शिरपूरच्या माणसाने कृष्णविवराची चौकशी का करावी?

आमचं शिरपूर ओळखलं जातं ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. ती त्यांच्यापाशी राहो. माझी तक्रार वेगळी आहे. विज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘हे आमच्या ग्रंथात आधीच लिहिलंय.’ यात आम्ही मुसलमानही मागे नाही. कृष्णविवर कुराणात दाखवणारे संदेश माझ्या मोबाइलवरही येतात. दुसरी, ‘याचा आपल्याला काय उपयोग?’ पहिल्या प्रतिक्रियेने अभ्यासाची गरजच संपते. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं.

तारेतून वीज जाते तेव्हा तार तापते, म्हणजे वीज वाया जाते. काही पदार्थ अति थंड केले की हा विरोध शून्य होतो, हे 1911 साली पाऱ्यात दिसलं. 1986 मध्ये तांब्याच्या ऑक्साइडयुक्त पदार्थांत तेच तुलनेने जास्त तापमानाला घडतं असं आढळलं. पुढे त्यातल्या एकाने उणे 181 अंशांपर्यंत मजल मारली. अशा अतिवाहकावर चुंबक खरोखर अधांतरी तरंगतो आणि प्रयोगशाळेत तो कुणालाही पाहता येतो. पण या पदार्थांत हे का घडतं, यावर आजही एकमत नाही.

अडचण त्याच पदार्थांच्या आधीच्या अवस्थेत आहे. साध्या धातूत इलेक्ट्रॉन रस्त्यावरच्या वाटसरूंसारखे सुटे मोजता येतात. या ‘विचित्र धातूं’त मात्र जत्रेतली रेटारेटी असते, एकट्याचा हिशेब लागतच नाही. विरोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत जातो. अनेकांच्या मते याच्या मुळाशी पुंज क्रांतिकता आहे: शून्य तापमानाला पदार्थ दोन अवस्थांच्या उंबरठ्यावर असतो आणि त्या उंबरठ्याचा परिणाम वरच्या तापमानालाही जाणवतो.

इथे कृष्णविवर मदतीला येतं. 1997 मध्ये हुआन माल्डासेना यांनी मांडलं की कणांच्या काही दाट गर्दीचं गणित आणि एक मिती जास्त असलेल्या विश्वातल्या गुरुत्वाकर्षणाचं गणित एकच आहे. एकीकडे न सुटणारं गणित दुसरीकडे सुटतं. कृष्णविवराचं तापमान म्हणजे धातूचं तापमान. त्याचा विद्युतभार म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी. पण साध्या भारित कृष्णविवरात शून्य तापमानालाही अव्यवस्था शिल्लक राहते, आणि ते खऱ्या धातूशी जुळत नाही. 2009 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी भारित कृष्णविवरं अभ्यासली, ज्यांत आणखी एक क्षेत्र जोडलं की ही अव्यवस्था शून्यावर येते.

म्हणून कोडं सुटलं का? नाही. ज्या विश्वांत हे गणित चालतं ती आपल्या धातूंसारखी नाहीत. नोबेल विजेते फिलिप अँडरसन यांनी 2013 मध्ये या मार्गावर उघड शंका घेतली होती. मला ती शंका मोलाची वाटते, आणि तरीही हे काम चालू राहावं असंही वाटतं. नकाशा म्हणजे गाव नव्हे. पण रस्ताच माहीत नसेल तर शेजारच्या तालुक्याचा नकाशाही दिशा दाखवतो. फक्त तो आपल्याच गावाचा आहे असं कुणी सांगू नये.

ही संस्था सरकारी पैशावर चालते. त्या पैशात वाशिमच्या सोयाबीनवाल्याचाही वाटा आहे. म्हणून ‘उपयोग काय’ असं विचारणाऱ्याला हसण्यावारी नेऊ नये. त्याला मराठीत, न फुगवता सांगावं: उपयोग होईलच याची हमी नाही, पण वीज वाया का जाते याचं मूळ आम्ही शोधतोय, आणि इतकं अजून कळलेलं नाही. ‘कळलेलं नाही’ हे तीन हजार वर्षांपूर्वीच सगळं ठाऊक होतं म्हणणाऱ्याला कधीच म्हणता येत नाही. आमच्या पोरांनी शिकावं असं विज्ञानात काही असेल, तर आधी हेच.