नोटीस कुणाला?
मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आयुष्य संपवले. वरिष्ठाच्या छळाबद्दल, अगदी गरोदरपणातल्या सक्तीच्या पायपिटीबद्दलही, त्यांनी पत्रात लिहून ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याला, आजार म्हटले नाही, कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणाचा तो परिणाम मानला. म्हणजे इलाज कार्यालयातच हवा. आपल्याकडे मात्र अशा ताणाने रजा वाढल्या की कर्मचाऱ्यालाच ‘कारणे दाखवा’! अमरावती-अकोल्यातील प्रत्येक खात्याने गैरहजेरी अधिकारीनिहाय तपासावी. एकाच साहेबाच्या हाताखाली माणसे सतत रजेवर जात असतील, तर चौकशी त्या साहेबाची व्हावी. आणि ती करणारा त्याच्या खात्याबाहेरचा असावा.